सीएनसी लेथच्या प्रोग्रामात एन नंबर कुठे द्यायचा आणि कुठे नाही

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे दुसऱ्या कुणी वाचलं तरी संदर्भ कळेल. तू आयटीआयला टर्नर केलंस आणि जळगाव एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये दोन अक्षांच्या सीएनसी लेथवर लागलास. कॅममधून (ड्रॉइंगवरून प्रोग्राम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) येणाऱ्या प्रोग्रामात प्रत्येक ओळीला एन१०, एन२०, एन३० असे नंबर असतात. तुमचे सीनियर सेटर हाताने लिहितात तेव्हा नंबर जवळजवळ नसतातच. मागच्या आठवड्यात तू दोन प्रोग्राम जोडून एक केलास आणि जी७१ ने, म्हणजे रफिंगच्या तयार सायकलने, भलताच आकार धरला. सिंगल ब्लॉक (एकेक ओळ चालवून थांबणं) चालू होता म्हणून थोडक्यात वाचलास. वर व्हीएमसीवरून (उभ्या मिलिंग मशीनवरून) आलेला जोडीदार सुरुवातीलाच जी९० (तिकडचा ॲब्सोल्यूट मापाचा कोड) लिहितो, त्यावरून वाद. तर नंबर द्यावेत का, दिले तर कसे, आणि जी९० चं खरं काय?

कोड मी आपण तोंडाने बोलतो तसे लिहितोय. कीबोर्डवर ती रोमन अक्षरं आहेत, हे तुला सांगायला नको.

आधी मुख्य गोष्ट. एन नंबर मशीनला लागत नाही. कंट्रोल (मशीनचा संगणक) प्रोग्राम वरून खाली, ओळीमागून ओळ वाचतो. एन३०० च्या खाली एन१०० लिहिला तरी तो आधी ३०० चालवेल, मग १००. मधले नंबर गाळले तरी चालतं, सगळे काढून टाकले तरी साधा प्रोग्राम तसाच चालतो. नंबर लागतो तो त्या ओळीला कुणी हाक मारणार असेल तर. हाक मारणारे चारच आहेत: शोधून त्या ओळीवर जाणारा माणूस, पी (आकाराची पहिली ओळ) आणि क्यू (शेवटची ओळ) लिहिलेल्या सायकल्स, उडी मारायला लावणारा एम९९ सोबतचा पी, आणि मॅक्रोतला गोटू (अमुक ओळीवर जा). ज्या ओळीला या चौघांपैकी कुणीही बोलावणार नाही, तिला नंबर देऊ नकोस. जिला बोलावणार आहेत, तिचा नंबर अख्ख्या प्रोग्रामात दुसऱ्या कुठल्याही ओळीला असता कामा नये. तुझ्या प्रोग्रामात नेमकं हेच चुकलं.

मग प्रत्येक ओळीला नंबर द्यायची पद्धत आली कुठून? ती कागदी पट्टीच्या काळातली आहे. १९५२ मध्ये अमेरिकेत एमआयटीने आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं, तेव्हापासून पुढची कित्येक वर्षं प्रोग्राम म्हणजे भोकं पाडलेली एक इंच रुंदीची पट्टी होती. आजच्यासारखा सगळा प्रोग्राम दाखवणारा पडदा नव्हता. चालू ब्लॉकचा (ओळीचा) नंबर दाखवणारी छोटी खिडकी असायची, आणि ऑपरेटर तो आकडा हातातल्या कागदाशी ताडून मशीन कुठपर्यंत आलं ते ओळखायचा. त्या माणसाला प्रत्येक ओळीचा नंबर खरोखर हवा होता. पुढे कोडचं प्रमाणीकरण झालं, १९८२ मध्ये आयएसओ ६९८३ आलं, पट्टी गेली, पडदे आले. सवय तेवढी राहिली. तुमचं जुनं मशीन असेल तर त्याच्या कागदपत्रात मेमरी अजून मीटरमध्ये लिहिलेली सापडेल: ८० मीटर, ६४० मीटर. ती पट्टीची लांबी आहे. इंचाला दहा अक्षरं या हिशोबाने ८० मीटर म्हणजे साधारण ३२ केबी आणि ६४० मीटर म्हणजे साधारण २५६ केबी.

हा हिशोब नुसती गंमत म्हणून सांगत नाही. कॅमच्या चार हजार ओळींच्या प्रोग्रामात प्रत्येक ओळीपुढे एन१२३४० असा सहा अक्षरांचा नंबर असेल, तर २४ हजार अक्षरं नंबरांनीच खाल्ली. ३२ केबीच्या मशीनमध्ये मग प्रोग्रामला जागा कुठली? मेमरी भरल्याचा अलार्म आला की मुलं जुने प्रोग्राम पुसायला लागतात, आणि त्यात कधी हवा असलेलाही जातो. कॅमच्या पोस्टमध्ये (मशीनसाठी कोड लिहिणाऱ्या भागात) नंबर बंद करायची सोय असते. तुमच्याकडे कॅम बघणाऱ्या माणसाला सांग, लेथच्या पोस्टमध्ये नंबर फक्त टूल बदलाच्या आणि पी-क्यूच्या ओळींना ठेव. पाच मिनिटांचं काम आहे.

आता मी वापरतो ती पद्धत. टूलचा नंबर तोच शेकडा. टूल १ चं काम एन१०० पासून, टूल ३ चं एन३०० पासून, टूल १२ चं एन१२०० पासून. त्या टूलच्या सायकलचा आकार त्याच शेकड्यात: सुरुवात ११०, शेवट १९०. एकाच टूलचे दोन आकार असतील तर ११० ते १४० आणि १५० ते १९०. तेच टूल प्रोग्रामात दुसऱ्यांदा आलं तर पुढे ५००० मिळवायचे, म्हणजे एन५१००. आपल्या लेथच्या टरेटवर (टूल धरणाऱ्या फिरत्या डोक्यावर) आठ किंवा बारा टूल, त्यामुळे टक्कर होतच नाही. नंबर वाचला की टूल कळतं आणि टूल पाहिलं की नंबर कळतो.

५० मिमीच्या ईएन८ स्टीलच्या बारमधून पायरीचा शाफ्ट काढायचा आहे असं धर. पहिल्या बाजूचा प्रोग्राम असा:

ओ०१२५ (पंप शाफ्ट, पहिली बाजू)
एन१०० (टूल १ रफिंग)
जी२८ यू०
जी२८ डब्ल्यू०
टी०१०१
जी५० एस२०००
जी९६ एस१८० एम०३
जी०० एक्स५२.० झेड२.० एम०८
जी७१ यू१.५ आर०.५
जी७१ पी११० क्यू१९० यू०.४ डब्ल्यू०.१ एफ०.२५
एन११० जी०० एक्स२६.०
जी०१ झेड०.० एफ०.१२
एक्स३०.० झेड-२.०
झेड-४०.०
एक्स४०.०
झेड-७०.०
एन१९० एक्स५२.०
एम०९
एम०१
एन२०० (टूल २ फिनिशिंग)
जी२८ यू०
जी२८ डब्ल्यू०
टी०२०२
जी५० एस२५००
जी९६ एस२२० एम०३
जी०० एक्स५२.० झेड२.० एम०८
जी७० पी११० क्यू१९०
एम०९
जी२८ यू०
जी२८ डब्ल्यू०
एम३०

नोज रेडियसचं (टूलच्या टोकाच्या गोलाईची भरपाई करणारं) जी४२ आणि जी४० मी मुद्दाम गाळलंय, नाहीतर नंबरांवरून लक्ष उडेल. प्रत्यक्ष जॉबला ते लागणार, नाहीतर चॅम्फर (कडेचा तिरका काप) मापात येणार नाही.

यात नंबर फक्त चार आहेत. १०० आणि २०० माणसासाठी, ११० आणि १९० जी७१ (रफिंग) आणि जी७० (फिनिशिंग) साठी. बाकी ओळींना नंबर नाही, कारण तिथे कुणी जाणार नाही आणि कुणी जाऊही नये.

एन११० ची ओळ नीट बघ. जी७१ च्या साध्या प्रकारात पी ने बोलावलेल्या ओळीत जी०० (रॅपिड, म्हणजे सगळ्यात वेगाने सरकणं) किंवा जी०१ (फीडने कापत जाणं) लागतोच, आणि हालचाल फक्त एक्सची (व्यासाची) असावी लागते. तिथे झेड (लांबी) घातलास तर फॅनुक कंपनीच्या कंट्रोलवर ०६५ चा अलार्म येईल. पी चा नंबर सापडलाच नाही तर ०६३. नवीन कंट्रोलवर हेच अलार्म पीएस००६५, पीएस००६३ असे दिसतात. ११० ते १९० मध्ये लिहिलेला एफ०.१२ हा फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) जी७१ बघतही नाही, तो स्वतःच्या ओळीतला एफ०.२५ घेतो. ०.१२ लागू होतो तो जी७० ला. म्हणून रफिंगचा फीड कमी करायचा असेल तर आकाराच्या आतला एफ बदलून काही होत नाही. हे न कळल्याने आकाराच्या आतला एफ बदलत बसलेली आणि मशीनला नावं ठेवणारी मुलं मी पाहिली आहेत.

आणखी एक. जी७० संपलं की टूल रॅपिडने सायकल सुरू केलेल्या बिंदूवर परत येतं. म्हणून त्याआधीचा एक्स५२.० हा कच्च्या बारपेक्षा मोठाच हवा. फिनिशिंगला तिथे एक्स३२.० लिहिणारा माणूस परतीच्या वाटेवर ४० च्या पायरीत टूल घुसवतो.

दोनच नंबरांतून नुकसान किती होतं, ते माझ्याच हातून झालंय. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला मी एका वर्कशॉपमध्ये सेटर होतो. फ्लँजचं बुश होतं. बोअर आधीच्या सेटअपमध्ये रफ झालेलं, मला बाहेरचं टर्निंग आणि बोअरचा फिनिश पास द्यायचा होता. बाहेरच्या आकाराला मी एन१० ते एन२० दिले. बोअरचा आकार जुन्या प्रोग्राममधून उचलून खाली चिकटवला, त्यालाही एन१० आणि एन२० होते. बोअरिंग बारला जी७० पी१० क्यू२० दिलं. कंट्रोलने वरचा एन१० धरला. बार बाहेरच्या व्यासाच्या वाटेने निघाला आणि बुशच्या तोंडात घुसला. फीडवर होता म्हणून मशीन वाचलं, पण बार गेला आणि टरेटचं अलाइनमेंट हललं. ते बसवायला दीड दिवस गेला, आणि तेवढा वेळ मशीन बंद. फॅनुकच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की पी आणि क्यू चे नंबर एका प्रोग्रामात दोनदा नकोत. मी ते वाचलेलं होतं आणि तरी चिकटवलं.

तिथे एक म्हातारे मिस्त्री होते, साध्या लेथवर आयुष्य गेलेलं. ते तुटलेला बार हातात घेऊन एवढंच बोलले, "आंडोर, मशीन आंधयं शे." (पोरा, मशीन आंधळं आहे.) त्या दिवसापासून मी शेकड्याची पद्धत धरली, ती आजतागायत.

तुझंही तेच झालं. कॅमच्या दोन्ही प्रोग्रामांत नंबर १० पासून होते. जोडल्यावर एन१०, एन२०, एन३० सगळेच दोन-दोन झाले, आणि जी७१ च्या पी ला जो सापडला तो त्याने घेतला. कॅमने लिहिलेले नंबर एकट्या प्रोग्रामात बरोबर असतात. प्रोग्राम जोडले की ते एकमेकांच्या अंगावर येतात. टेक्स्ट एडिटरमध्ये सगळ्यांना नव्याने नंबर देऊन हे सुटेल असं वाटतं, पण तिथे दुसरा खड्डा आहे. काही एडिटर एन बदलतात आणि पी, क्यू, गोटू जसेच्या तसे ठेवतात. मग जी७१ जुन्याच पत्त्यावर जातो. नशीब चांगलं असेल तर तो नंबर सापडत नाही आणि अलार्म येतो. वाईट असेल तर तो नंबर आता दुसऱ्याच ओळीला मिळालेला असतो.

आता माणसाच्या हाकेबद्दल, कारण खान्देशात ती जास्त लागते. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो. शेडमध्ये कसं असतं ते तू रोज सोसतोस. सकाळी थंड मशीनवर काढलेला पहिला पीस आणि दुपारी तीनला निघालेला पीस यांच्या मापात काही शतांश मिलिमीटरचा फरक पडतो, कारण स्पिंडल आणि बॉलस्क्रू तापून वाढतात. ऑपरेटर मायक्रोमीटर लावतो, व्यास ०.०३ मोठा निघतो, तो टूल २ च्या वेअर ऑफसेटमध्ये (झिजेची दुरुस्ती लिहायच्या जागी) यू-०.०३ देतो. आता फक्त फिनिशिंग परत फिरवायचं आहे. एन२०० शोधायचा आणि सायकल स्टार्ट. आकाराच्या ओळी टूल १ च्या भागात आहेत, तरी चालतं. जी७० त्या त्याच प्रोग्रामातून शोधून घेतं.

वीज गेली, इन्सर्ट तुटलं, ऑपरेटरने मधेच रिसेट मारलं, सगळीकडे हाच रस्ता. म्हणून प्रत्येक टूलचा भाग स्वतःच्या पायावर उभा पाहिजे. एन२०० पासून सुरू केलं तरी घरी जाणं (जी२८), टूल (टी०२०२), स्पिंडलच्या आरपीएमची मर्यादा (जी५०), कटिंग स्पीड (जी९६), फिरण्याची दिशा (एम०३), कुलंट (एम०८), सगळं तिथेच लिहिलेलं हवं. वरच्या उदाहरणात मी जी५० आणि जी९६ दोन्ही भागांत लिहिलंय. सलग चालवताना त्यातलं काही दुसऱ्यांदा लिहिणं वाया गेल्यासारखं वाटतं, पण ते रात्रपाळीच्या माणसासाठी आहे. जी५० एस२५०० नसेल आणि जी९६ चालू असेल तर काय होतं? २२० मीटर कटिंग स्पीडला ५० मिमीवर साधारण १४०० आरपीएम लागतात, १० मिमीवर ७०००. फेसिंग करत टूल मध्याकडे गेलं की कंट्रोल आरपीएम वाढवतच राहतो, थेट मशीनच्या कमाल वेगापर्यंत. चकमध्ये वेडावाकडा कास्टिंगचा जॉब धरलेला असेल तर तो उडतो. लेथवर माणूस मरतो तो अशा गोष्टींनी. त्यामुळे या एका ओळीबद्दल मी कुणाचं काही ऐकून घेत नाही.

मधल्याच ओळीवर कर्सर नेऊन सायकल स्टार्ट दाबू नकोस, ती ओळ कितीही सोपी दिसली तरी. समज झेड-७०.० वर कर्सर आहे. त्या ओळीत जी०० आहे की जी०१, कुठलं टूल, कुठला ऑफसेट, स्पिंडल फिरतंय का, काहीच नाही. रिसेटनंतर कुठला कोड शिल्लक राहतो ते पॅरामीटरवर असतं, प्रत्येक मशीनचं वेगळं. आणि जी७१ च्या दुसऱ्या ओळीवर कर्सर नेलास तर? पहिल्या ओळीतला यू१.५ आणि आर०.५ कंट्रोल पॅरामीटरमध्ये साठवतो, ५१३२ आणि ५१३३ मध्ये. पहिली ओळ वाचलीच नाही तर त्याच्याकडे शेवटी साठलेली किंमत असते. ती कदाचित कालच्या डाल मिलच्या रोलर शाफ्टची ३ मिमीची असेल, आणि तू आज पातळ बुश धरून बसला असशील.

थ्रेडिंगचं टूल परत फिरवायला हरकत नाही, पण तीन अटी आहेत. जॉब चकमधून हललेला नको. आरपीएम जी९७ ने पक्का केलेला आणि पहिल्यासारखाच हवा. झेडचा सुरुवातीचा बिंदू तोच हवा. एन्कोडरमुळे (स्पिंडल कितपत फिरलं ते मोजणाऱ्या भागामुळे) टूल त्याच खाचेत पडतं. तीनपैकी एक जरी चुकलं तरी दुसरा थ्रेड पहिल्यावर चढतो आणि जॉब भंगारात जातो.

शोधतानाची एक बारीक गोष्ट. फॅनुकवर नंबर टाइप करून खालच्या बाणाने शोधलास तर तो कर्सरपासून पुढे, आणि लिहिलाय अगदी तसाच शब्द शोधतो. प्रोग्रामात एन०१०० असेल आणि तू एन१०० टाइप केलंस तर सापडणार नाही. म्हणून सगळीकडे एकाच पद्धतीने लिही. आधी रिसेट मारून प्रोग्रामच्या डोक्यावर ये, मग शोध. सापडल्यावर लगेच बटण दाबू नकोस. कंसातली टिप्पणी वाच, टूल १ रफिंग, टूल २ फिनिशिंग. ती टिप्पणी नंबराइतकीच महत्त्वाची आहे, आणि बहुतेक लोक ती लिहायचा कंटाळा करतात.

कधी कधी तू काही न करता टाइप करताना आपोआप नंबर पडायला लागतात. कुणीतरी सेटिंगच्या पानावर सिक्वेन्स नंबरसमोर १ केलेला असतो. तिथे ० कर. तो किती-कितीने वाढतो हे ३२१६ या पॅरामीटरमध्ये असतं. त्याच पानावर सिक्वेन्स स्टॉप म्हणून जागा आहे, तिथे प्रोग्राम नंबर आणि एन नंबर दिला की मशीन ती ओळ संपवून थांबतं. नवीन जॉबचा पहिला पीस काढताना मी ती वापरतो. रफिंग सलग जाऊ देतो आणि फिनिशिंगच्या तोंडाशी थांबवतो.

एम९९ पी चा उपयोग आपल्याकडे कमी होतो, पण एक युक्ती लक्षात ठेव. ओळीच्या आधी तिरकी रेघ देऊन एम९९ पी३०० लिहिलं, तर ब्लॉक स्किपचं बटण बंद असताना मशीन थेट एन३०० वर उडी मारतं, बटण चालू असताना ती ओळ सोडून सरळ पुढे जातं. एकाच प्रोग्रामात ग्रूव्ह असलेली आणि नसलेली फिटिंग काढायला बरं पडतं. तो नंबर सापडला नाही तर ०७८ चा अलार्म.

जी९० चा वाद. दोघंही आपापल्या मशीनवर बरोबर आहात. फॅनुकच्या लेथला जी कोडच्या तीन सिस्टिम असतात, ए, बी आणि सी, आणि कुठली चालू आहे हे ३४०१ या पॅरामीटरमध्ये ठरतं. आपल्याकडच्या बहुतेक लेथवर ए असते. ए मध्ये जी९० म्हणजे सरळ टर्निंगची सायकल. ॲब्सोल्यूटसाठी (शून्यापासून मोजलेलं माप) तिथे एक्स आणि झेड, इन्क्रिमेंटलसाठी (आहे तिथून पुढचं माप) यू आणि डब्ल्यू, वेगळा कोड लागतच नाही. जी९२ म्हणजे थ्रेडिंगची सायकल, जी९४ म्हणजे फेसिंगची. बी मध्ये मात्र जी९० आणि जी९१ व्हीएमसीसारखेच, आणि त्या तीन सायकल्स जी७७, जी७८, जी७९ होतात. तुझा जोडीदार ए सिस्टिमच्या लेथवर सुरुवातीला नुसता जी९० लिहितो, तेव्हा सायकल चालू करून ठेवतो. पुढच्या एक्स, झेडच्या ओळीत जी०० किंवा जी०१ नसेल तर मशीन तिथे कट मारून परत येईल. त्याला हे भांडण न करता सांग, त्याचं शिक्षण चुकलेलं नाही, मशीन बदललंय.

त्याहून जास्त जपायचं ते फीडला. ए मध्ये जी९८ म्हणजे मिनिटाला मिलिमीटर, जी९९ म्हणजे फेऱ्याला मिलिमीटर. जी९८ राहिला आणि एफ०.२५ आला, तर टूल जवळजवळ जागेवरच उभं राहतं, इन्सर्ट घासून जळतं. उलट जी९९ मध्ये व्हीएमसीच्या सवयीने एफ२००.० लिहिलं, तर एका फेऱ्यात २०० मिलिमीटर जा असा त्याचा अर्थ झाला. आणि दशांश चिन्ह. पॅरामीटर बदललेला नसेल तर फॅनुकवर एक्स५० म्हणजे ५० मिलिमीटर नाही, ५० मायक्रॉन. रॅपिडने टूल मध्याच्या रेषेवर येऊन आदळेल. सीमेन्सवर एक्स५० म्हणजे सरळ ५० मिलिमीटर, म्हणून तिकडून आलेला माणूस इथे हमखास फसतो. पूर्णांक असला तरी बिंदू लिहायची सवय लाव, एक्स५०.०, कंट्रोल कोणताही असो.

सीमेन्सचं थोडक्यात. तिथे टर्निंगच्या सायकलला आकार नावाने किंवा लेबलने सांगतात, पी-क्यूचा भाग नाही. एन नंबर दहाच्या पायरीने पडतात आणि कंट्रोलवरच नव्याने देता येतात, ते पडू दे. तिथेही टूल बदलाच्या ओळीवर टिप्पणी लिही, शोधायला तीच कामाला येते.

राहिला प्रश्न तुमच्या मशीनमध्ये आधीपासून असलेल्या जुन्या प्रोग्रामांचा. सगळे एकदम बदलायला बसू नकोस. चालत्या प्रोग्रामला रिकाम्या वेळेत हात लावला की नेमका तोच सोमवारी पहिल्या शिफ्टला ठोकतो. जॉब जसा मशीनवर येईल तसा तो एक प्रोग्राम घे. आधी त्याची प्रत पेन ड्राइव्हवर किंवा कार्डवर काढून ठेव. मग तीन गोष्टी बघ: प्रत्येक जी७०, जी७१, जी७२, जी७३ चे पी-क्यू एकेकदाच आहेत का, प्रत्येक टूलचा भाग स्वतः पूर्ण आहे का, टिप्पणी आहे का. बदल करून पहिला पीस सिंगल ब्लॉकमध्ये, रॅपिड २५ टक्क्यांवर ठेवून काढ. हात फीड होल्डवर आणि डोळा पडद्यावरच्या डिस्टन्स टू गोच्या आकड्यावर. टूल जॉबपासून दोन बोटं लांब आणि पडद्यावर अजून ८० मिलिमीटर जायचं दिसत असेल, तर दाब आणि थांब.

तुमच्या सीनियरना नंबर न लिहिल्याबद्दल बोलू नकोस. त्यांच्या प्रोग्रामात पी-क्यू ला नंबर असणारच, नाहीतर ते चाललेच नसते. त्यांना फक्त विचार, टूलच्या सुरुवातीला शेकडा टाकला तर चालेल का, म्हणजे रात्रपाळीच्या मुलाला फोन न करता टूल २ परत फिरवता येईल. मग एक कागद टाइप करून पॅनेलच्या दाराला आतून चिकटव: टूल १, एन१००, रफिंग, टूल २, एन२००, फिनिशिंग, टूल ३, एन३००, ग्रूव्ह, टूल ४, एन४००, थ्रेड. जॉब बदलला की कागद बदल. वर प्लास्टिक लाव, कुलंटच्या हाताने दोन दिवसांत शाई उतरते.